मदत हवी आहे : अँटिगनीचं ते भाषण ठेवू की गाळू?

मंडळी, आमच्या नाट्यवाचन गटात सोफोक्लीजचं 'अँटिगनी' हे प्राचीन ग्रीक नाटक वाचणार आहोत. संहितेची काटछाट माझ्या गळ्यात पडली आहे आणि एका जागी गाडी अडली आहे.

थीब्जचा राजा क्रेऑन याचा हुकूम आहे की शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला, म्हणजे अँटिगनीच्या भावाला, कुणी पुरायचं नाही. अँटिगनी देवांच्या अलिखित कायद्याचा हवाला देऊन भावाच्या प्रेतावर माती टाकते. इथवर ठीक. पण त्याची शिक्षा म्हणून मरायला निघताना ती म्हणते, नवऱ्यासाठी किंवा पोरासाठी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळेल, मूलही होईल. आईबाप गेले, आता भाऊ कुठून आणू?

मग अलिखित कायदा गेला कुठे? तो काय फक्त भावांपुरता होता? जर्मन कवी गटेला या ओळी मागाहून घुसडलेल्या निघाव्यात असं वाटत होतं. पण ॲरिस्टॉटल त्या उद्धृत करतो, आणि सोफोक्लीजचा समकालीन इतिहासकार हेरोडोटस याच्याकडे इराणी सरदार इंटाफ्रेनीसच्या बायकोच्या तोंडी हाच युक्तिवाद आहे. म्हणजे ओळी जुन्याच. (सख्खी बहीण इस्मेनी जिवंत असताना ही स्वतःला घराण्यातली शेवटची म्हणवते, तेही मला खटकतं.)

क्रेऑनही अगदीच खलनायक वाटत नाही. देशद्रोह्याला अॅटिकाच्या (म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या) मातीत पुरायला अथेन्समध्येही बंदी होती. देशद्रोही ठरलेला अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीज याच्या अस्थी चोरून आणून पुरल्याचं इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो.

ते भाषण प्रयोगात ऐकलेलं कुणी आहे का? प्रेक्षक तिच्यापासून तुटतात की आणखी जवळ येतात? रविवारपर्यंत सांगाल तर बरं होईल.