अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय, 'हायकोर्टात गेलं की सगळे साक्षीदार परत उभे करतात'. तसं होत नाही. अपिलात नवा पुरावा घेता येतो, पण क्वचितच. एरवी न्यायमूर्तींसमोर असतो तो खालच्या कोर्टातला रेकॉर्ड. उलटतपासणीत साक्षीदार चाचरला, पाणी मागितलं, नजर चुकवली, हे खालच्या न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वर पोचतो तो टाइप केलेला जबाब. म्हणूनच निर्दोष सुटलेल्याविरुद्धच्या अपिलात, पुराव्यातून दोन मतं संभवत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर सहसा हात घालत नाहीत. मला हे अगदी योग्य वाटतं.

कौटुंबिक न्यायालयाचं गणित वेगळं. 1984 च्या कायद्याच्या कलम 19 नुसार अपील 30 दिवसांत, निदान दोन न्यायमूर्तींपुढे. संमतीच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या निकालावर, अपील नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेखालच्या (2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) पोटगीच्या आदेशावरही नाही, तिथे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे हायकोर्टाने आदेश तपासून पाहावा अशी विनंती. इथेच अनेकांची गफलत होऊन मुदत हातची जाते, फार वाईट वाटतं.

पुराव्याची कसोटीही निराळी. पुण्यातल्या एका दांपत्याच्या खटल्यात 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वैवाहिक क्रूरता फौजदारी खटल्यासारखी संशयापलीकडे सिद्ध करायची नाही, शक्यतांचा कल बघायचा, म्हणजे कुठली बाजू जास्त संभवनीय वाटते ते. त्यात पत्नीची क्रूरता सिद्ध झाली, तरी त्यानंतर दोघं एकत्र नांदल्यामुळे ती पतीने माफ केली असं धरून अपील फेटाळलं.