उबुंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू लॉग’, मॅकवर मात्र काहीच तक्रार नाही

तासगावचा_बागायतदार:
मंडळी, दोन रात्री यातच गेल्या. आमची द्राक्षबाग तासगावजवळ. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीची (पानांवरच्या बुरशीच्या रोगाची) धास्ती असते, म्हणून तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू (दव धरू लागतं ते तापमान) काढणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहिला. कम्पाइल होतो, पण लिंक करताना, म्हणजे तयार तुकडे लायब्ररीशी जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू लॉग’: लॉग हे फंक्शन सापडत नाही म्हणे. मॅथ डॉट एच हे गणिताचं हेडर इन्क्लूड आहे, मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांची फाइल) एलडीफ्लॅग्जला -एलएमही, म्हणजे गणिताची लायब्ररी जोड असंही, दिलंय. सांगलीत शिकणाऱ्या भाच्याच्या मॅकवर हाच कोड पहिल्या फटक्यात चालला. आणि डोकं चक्रावलं ते यानं: लॉगला थेट ०.९ दिलं की उबुंटूवरही एरर जाते, सेन्सरचा आकडा दिला की परत हजर. मग ०.९ चा लॉग काढतं कोण?

मिरजेचा_सीवाला:
दादा, तो जीसीसी हा कम्पायलर काढतो, कम्पाइल करतानाच. आकडा आधीच ठाऊक, त्यामुळे फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही. हेडर फक्त फंक्शनची ओळख देतं. खरं फंक्शन लिबएम या गणिताच्या लायब्ररीत, आणि उबुंटूच्या जीलिबसीत (सीची मूळ लायब्ररी) ती वेगळी फाइल आहे. मॅकवर गणित लिबसिस्टिम या मूळ लायब्ररीतच असतं, ते आपोआप जोडलं जातं.

तुमची अडचण जागेची आहे. मेकचा तयार नियम एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या (तुमच्या कम्पाइल झालेल्या कोडच्या) आधी ठेवतो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. तो लिबएमपाशी पोचतो तेव्हा लॉग अजून कुणी मागितलेलाच नसतो, म्हणून उबुंटूवर ती लायब्ररी तो सोडून देतो. पुढे तुमची फाइल लॉग मागते, तेव्हा उशीर झालेला असतो. -एलएम तिथून काढून एलडीलिब्जमध्ये टाका, ते शेवटी जातं.

कराड_एम्बेडेड:
अगदी बरोबर. आणि मॅकवरही -एलएम राहू द्या, काही बिघडत नाही. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर जीलिबसीच्या जागी मसल असते, तिची लिबएम तर नावापुरती रिकामी फाइल आहे, मुद्दाम ठेवलेली, म्हणजे तीच मेकफाइल तिथेही चालते. पुढे हे जुन्या अँड्रॉइड फोनवर नेणार असाल तर लॉग२ (२ च्या पायाचा लॉग) टाळा. ४.३ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये तो नव्हता, लिंक करताना हीच एरर यायची. लॉगला २ च्या लॉगनं भागा, काम होतं.

तासगावचा_बागायतदार:
झालं! एक शब्द बदलला आणि लिंक झाला. २२ अंश, ९० टक्के दिले: दवबिंदू २०.३. वहीत हातानं काढलेला आकडाही हाच. पहाटे पाचला बागेत पानाखाली बोट फिरवलं तर ओलं लागलं होतं. आज रात्री सेन्सर तिथेच, त्याच ओळीत टांगतोय.