बंधाऱ्यावरून पाणी जाण्याची शक्यता: एक लाख रन, उत्तर शून्य

हर्णै_किनारा: दापोली तालुक्यातल्या एका छोट्या जेटीच्या बंधाऱ्याचं मॉडेल आहे. चलं चार: लाटेची उंची, आवर्तकाळ, भरती आणि वाऱ्याने चढलेलं पाणी. एका रनला २ सेकंद. साधं मॉन्टे कार्लो (चलांचे यदृच्छ आकडे घेऊन मॉडेल पुन्हापुन्हा चालवणं) १ लाख वेळा चालवलं, मर्यादेबाहेर पाणी एकदाही गेलं नाही. शक्यता १०⁻⁵ च्या आसपास असावी. रन वाढवू की पद्धत बदलू?

उधाण_भांग: शून्यातूनही थोडं कळतं: ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ३ भागिले रनसंख्या, म्हणजे ३×१०⁻⁵. पण त्रुटी १० टक्क्यांवर आणायला १ कोटी रन लागतील, म्हणजे २३१ दिवस. पद्धतच बदला.

सबसेट सिम्युलेशन घ्या (आउ व बेक, २००१), म्हणजे दुर्मीळ घटनेपर्यंत पायरीपायरीने जायचं. १००० नमुने काढा, निकालाच्या उतरत्या क्रमाने लावा, वरचे १०० ठेवा. शंभराव्या आणि एकशेएकाव्याच्या मधला आकडा हा पुढचा उंबरठा. त्या १०० बीजांपासून प्रत्येकी १० नमुन्यांची मार्कोव्ह साखळी (प्रत्येक नमुना आधीच्यापासून सरकवून काढलेला), बीज धरून. नवा नमुना उंबरठ्याखाली गेला तर जुनाच पुन्हा मोजायचा. बरेच जण तो गाळूनच टाकतात आणि वितरण बिघडतं. दर पायरीला शक्यता दहावा भाग, म्हणून १०⁻⁵ ला पाच पायऱ्या. पाच पायऱ्यांना १००० + ४×९०० = ४६०० रन. साखळीतले नमुने एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून एकाच उत्तरावर विसंबू नका. वेगवेगळ्या सीडने (यदृच्छ आकड्यांच्या सुरुवातीच्या आकड्याने) २० वेळा चालवा. ९२,००० रन होतात, तुमच्या एक लाखातच बसतं.

खाडीपार: चारच चलं आहेत, तर इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग त्याहून स्वस्त पडेल. चलं प्रमाण नॉर्मलमध्ये (सरासरी ०, प्रमाण विचलन १) बदला, अपयशाच्या (पाणी मर्यादेबाहेर जाण्याच्या) भागातला उगमाला (शून्य बिंदूला) सर्वांत जवळचा बिंदू शोधा, तिथे केंद्र ठेवून नमुने काढा. प्रत्येकाचं वजन = मूळ शक्यता-घनता ÷ नवी शक्यता-घनता. कोड आधी सोप्या गणितावर तपासा: प्रमाण नॉर्मल चल ५ च्या वर जाण्याची शक्यता २.८७×१०⁻⁷. केंद्र ५ वर ठेवलं की १००० नमुन्यांत त्रुटी साधारण ७.५ टक्के यायला हवी.

धोका एकच, पण मोठा. मोठी लाट मध्यम भरतीवर, किंवा मध्यम लाट उधाणाच्या भरतीवर, असे दोन रस्ते असू शकतात. केंद्र एकावरच ठेवलंत तर दुसरा निसटतो आणि त्रुटीचा आकडा मात्र छान दिसतो! दोन केंद्रांचं मिश्रण वापरा.

हर्णै_किनारा: भरती नॉर्मल आणि बाकीच्यांपासून स्वतंत्र धरली आहे. चालेल?

उधाण_भांग: नॉर्मल नको. भरतीला वरची हद्द असते, आणि उधाण-भांगाचं (मोठ्या-लहान भरतीचं) चक्र ठरलेलं. वर्षाला सुमारे ७०५ भरत्या होतात, कोष्टकातून त्यातली एक यदृच्छ उचला. लाट आणि चढलेलं पाणी मात्र एकाच वाऱ्याची लेकरं. ती स्वतंत्र धरलीत तर शक्यता कमी येईल. गाउसियन कोप्युलाही (चलांचं आपसातलं नातं मांडणारं सूत्र) टोकाला दोघांना सुटं करतो, टोकालाही नातं टिकवणारा गंबेल कोप्युला घेऊन तुलना करा. निसर्ग (३ जून २०२०), तौक्ते (मे २०२१) अशी चक्रीवादळं पावसाळी लाटांच्या वितरणात मिसळू नका, वेगळा गट ठेवा. आणि ते १०⁻⁵ दर भरतीला की दर वर्षाला, हे आधी लिहा.