सोडियम कॅकोडायलेट बफर हाताळताना

प्रश्न : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती स्थिर करताना (म्हणजे त्यांची रचना जशीच्या तशी टिकवताना) आमच्या प्रयोगशाळेत ग्लुटाराल्डिहाइड या स्थिरीकरण रसायनासोबत सोडियम कॅकोडायलेटचा ०.१ मोलर, ७.४ पीएचचा बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर राखणारे द्रावण) वापरतात. त्यात आर्सेनिक असूनही फॉस्फेट बफर का टाळतात, आणि तो बनवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १ : कॅल्शियम असलेल्या द्रावणात फॉस्फेटचा साका बसतो, कॅकोडायलेटचा बसत नाही; शिवाय त्यात सहसा जिवाणू वाढत नसल्याने तो दीर्घकाळ टिकतो. तरीही कॅल्शियमची गरज नसेल, तर फॉस्फेटच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : एका लिटरला सोडियम कॅकोडायलेट ट्रायहायड्रेटची (पाण्याचे तीन रेणू असलेल्या रूपाची) सुमारे २१.४ ग्रॅम पूड लागते. खरी जोखीम वजन करतानाच असते, कारण पूड उडून श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. म्हणून हे काम हातमोजे घालून फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करावे आणि तराजूवर सांडलेले कण कोरड्या ब्रशने न झाडता ओल्या टिशू पेपरने टिपून घ्यावेत. पूड ओलावा शोषते, तेव्हा झाकण लगेच लावावे.

उत्तर ३ : आम्ल आणि जस्तासारखा क्षपणकारक धातू यांच्या संपर्कात आल्यास यातून विषारी आर्सिनवर्गीय (आर्सेनिकयुक्त) वायू सुटू शकतात. त्यामुळे ऊती धुतलेले द्रावणसुद्धा बेसिनमध्ये न ओतता ‘आर्सेनिक’ असे लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत साठवावे. उत्तर २ मधला टिशू पेपरही आर्सेनिकच्याच कचऱ्यात जातो.