‘सॅगी’ नेमकं कुठे वापरायचं?

फोंडेकर: जुन्या घराच्या दुरुस्तीची यादी इंग्रजीतून करायची आहे, मालक परदेशी असतात. चार नोंदींवर अडलंय: आढ्याला बाक आलाय, खाटेच्या नवारीला झोळ पडलाय, खांबावरून येणारी विजेची तार लोंबतेय, पडदे मध्येच खाली आलेत. सगळीकडे ‘सॅगी’ (saggy, झोळ पडलेलं) चालेल?

म्हापशाचा मास्तर: खाटेला चालेल. ‘सॅगी’ हा बोलीतला, तक्रारीच्या सुराचा शब्द. गादी, सोफा, सुटलेली कातडी, वापरून गुडघ्यावर फुगलेली पँट अशा मऊ गोष्टींना तो शोभतो. (मुद्दाम ढगळ शिवलेली पँट ‘बॅगी’, तिच्यात दोष नाही.) आढ्याला लावलात तर चूक नाही, पण यादीत पोरकट वाटेल, तिथे ‘सॅगिंग’ लिहा.

साधारण ओळख अशी: दोन्ही टोकं धरलेली आणि मधला भाग वजनाने खाली आला, तर सॅग. एकच टोक धरलेलं आणि दुसरं मान टाकतंय, तर ‘ड्रूपी’: पापणी, मिशी, पाणी न मिळालेली जास्वंद. ‘सॅगी’च्या स्पेलिंगमध्ये जी दोनदा. ‘सॅगियर’ करताना वाय जाऊन आय येतो.

पडदा तर लोंबणारच. बिघडलंय काय, ते लिहा.

वासे-रिपा: फोंडेकरबाब, तारेला नुसतं ‘सॅगिंग’ लिहू नका. तारेत थोडा झोळ मुद्दाम ठेवतात आणि त्यालाच तांत्रिक भाषेत सॅग म्हणतात. उन्हात तार लांबते, गारव्यात आखडते. आधीच ताठ ओढली तर आखडताना सगळा ताण खांबावर येतो. म्हणून ‘एक्सेसिव्ह सॅग’ लिहा. जमिनीपासूनची उंची वीज खात्याच्या माणसाकडून मोजून घ्या, स्वतः टेप घेऊन जवळ जाऊ नका.

आढ्यासाठी विशेषणापेक्षा आकडा द्या. दोन्ही टोकांना खालून ५० मिमीचे ठोकळे लावा, त्यांच्याखालून दोरी ताठ ताणा आणि मध्यावर दोरी ते लाकूड अंतर मोजा. २० भरलं तर बाक ३० मिमी. कौलांचा भार घेणाऱ्या लाकडाला आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, १/३६० पर्यंत बाक चालतो, म्हणजे ३.६ मीटरला १० मिमी. ही मर्यादा नवं बांधताना हिशेबात धरायची. जुनं लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराने जास्त बसतं, त्यामुळे आकडा मोठा आला म्हणून लगेच घाबरू नका. बाक वाढतोय का ते महत्त्वाचं. पावसाआधी आणि ऐन पावसात त्याच जागी मोजा, भिजलेली कौलं जड होतात. टोकं भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचून पाहा. वाळवी आणि कुज बहुधा तिथेच सापडते.

फोंडेकर: पडद्यांचा रॉडच मध्ये खाली आलाय. ‘बेंट’ की ‘सॅगिंग’?

म्हापशाचा मास्तर: पडद्यांच्या वजनाने बसला असेल तर ‘सॅगिंग’. कुणी ओढून वाकवला असेल तर ‘बेंट’.

वासे-रिपा: वजनाने बसला असेल तर मध्ये एक ब्रॅकेट वाढवा. वाकवलेला मात्र बदलावाच लागेल.