'वू'ला मराठीत काय म्हणाल? पथक, मेळ की अजून काही?

घानाच्या आग्नेयेकडच्या अनलो-एवे लोकांच्या ढोल आणि नाचावर मराठीत लेख करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय. शब्द आहे 'वू'. वू म्हणजे ढोल, पण ढोल, गाणी, नाच, जमलेली माणसं असा सगळा कार्यक्रमही वूच. आधी 'ढोलपथक' लिहिलं, तर वाचताना डोळ्यासमोर थेट गणपतीची मिरवणूकच आली. कुणाला काही सुचतंय का?

--

पथक नकोच. पथकात चाळीस ढोल एकच हात मारतात, त्याची मजा वेगळी. वूमध्ये प्रत्येकाचं काम निराळं. गांकोगुई म्हणजे लोखंडी जोडघंटा, ती ठेका सोडत नाही, आगबाद्झा नाचात 12 मात्रांत 7 ठोके, अंतर 2-2-1-2-2-2-1. तोंडाने म्हणून बघा, तिसऱ्या ठोक्यानंतर जीभ अडखळतेच, मला जमायला आठवडा गेला. आहात्से म्हणजे भोपळा, मणी आत नाहीत तर बाहेरून जाळीत ओवलेले, बसून मांडीवर आणि तळहातावर आपटतात. कागानू हा छोटा ढोल, उंच आवाजाचा. सोगो नि किडी हे ढोल उत्तर देतात, आणि बोलतो तो अत्सिमेवू, सगळ्यांत उंच, घोडीवर तिरका टेकवलेला (नावाच्या शेवटी वू आहेच बघा). बोलतो हे मी उगाच म्हणत नाही, एवे भाषेत स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो म्हणून ढोलावर खरंच वाक्यं वाजवता येतात, आणि त्याच्या इशाऱ्यावर नाचणारे पाय बदलतात. मी 'मेळ' म्हणेन.

--

मेळ छान आहे, पण मला आधी 'गोंधळ' आठवला. संबळ, गाणं, कथा, पूजा सगळं एका शब्दात, आणि 'आमच्याकडे गोंधळ आहे' म्हटलं की कुणी वाद्याबद्दल विचारत नाही. शब्दाची घडण वूसारखीच. फक्त लेखात वापरू नका, देवीचा संदर्भ चिकटून येईल आणि आगबाद्झा तर आता बहुतेक करमणुकीचा नाच आहे. 'संगीत'ही चाललं असतं, देवगिरीला 13व्या शतकात शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य, नृत्य मिळूनच संगीत म्हटलंय, पण आज संगीत म्हटल्यावर नाच कुणाच्या मनात येतो?

आणि 'हाबोबो' (वू करणाऱ्यांची संघटना) आला तर बिनधास्त 'मंडळ' लिहा. सभासद, पदाधिकारी, कुणाच्या घरी मयत झाली तर सगळे हजर, अगदी आपलं मंडळच.

--

मंडळ पक्कं, थँक्स! वू मात्र आता वूच ठेवते, वाक्यात घालून बघितला आणि बसला की हो. 'वू वाजतोय' म्हटलं की ढोल, 'वूला गेलो होतो' म्हटलं की कार्यक्रम, जसं आपण भजनाला जातो. वाजवणाऱ्यांसाठी मेळ. उच्चाराची टीप देतेय, कारण एवेत दोन वेगळे 'व' आहेत, हा दोन्ही ओठ जवळ आणून काढायचा, 'एवे' नावातलाही तोच. आता फक्त लिंग राहिलं, मी 'तो वू' धरलाय ढोलावरून, तुम्हाला 'ते वू' बरं वाटतंय का?