मदत हवी आहे: थंडीत बाईकवर बोटं बधीर होतात, जाड ग्लोव्ह्ज घेतले तर त्रास वाढलाच

पहिली पाळी

मंडळी, हिवाळ्याचे हे दोन अडीच महिने तुम्ही बाईक कशी चालवता ते सांगा, मी टेकीला आलोय. पहाटे पाचला घर सोडतो, ३५ किमी जायचं, त्यातले २५ किमी मोकळा रस्ता जिथे ६०-७० ने जातो. गाडी १५० सीसी, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली, बारा वर्षांची आहे पण इंजिन अजून उघडलेलं नाही. त्या वेळेला ५ ते ८ डिग्री असतं, कधी कधी वर धुकं.

तर १०-१२ किमी झाले की दोन्ही हातांची बोटं आधी दुखतात, मग मुंग्या, मग काहीच कळत नाही. मागच्या वर्षी साधे लोकरीचे हातमोजे होते त्यातून वारा आरपार जायचा म्हणून यंदा मिळाले त्यातले सगळ्यात जाड ग्लोव्ह्ज घेतले, तरी भागेना म्हणून त्याच्या आत ते जुने लोकरीचे पण कोंबले. आता आधीपेक्षा लवकर बधीर होतात! दुप्पट घालून निम्मी ऊब, हे गणित मला कळलेलं नाही. परवा एक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, म्हणजे मला वाटलं दाबला, बोटं लिव्हरवर पोचलीच नव्हती. मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. कुत्रं वाचलं, मी वाचलो, घरी अजून सांगितलेलं नाही.

अंगात सुती बनियन, स्वेटर, वर जर्किन. फुल फेस हेल्मेट. गळ्याला काही नाही, मफलर सुटून चाकात गेला तर काय ही भीती. चष्मा आहे, त्यामुळे गाडी थांबली रे थांबली की हेल्मेटची काच आणि चष्मा दोन्ही पांढरे.

अजून एक, खरं तर वेगळं विचारायला हवं पण आता लिहितोच आहे तर. धुकं असेल त्या दिवशी १५-२० किमी एकाच स्पीडला गेलं की गाडी दम सोडते, रेस सोडली की बंद. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. मेकॅनिकने प्लग बदलला, पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी साफ केली, फरक शून्य. दुपारी परत येताना एकदाही झालेलं नाही.

हीटेड ग्रिप्स (हँडलच्या तापणाऱ्या मुठी) लावू का? बॅटरी झेपेल का?

चेनला तेल

दोन मोजे एकात एक कोंबलेस तिथेच घोळ आहे मित्रा. ऊब कापडाच्या जाडीत नसते, आत अडकलेल्या हवेत असते, ती हवाच तू दाबून बाहेर काढलीस. वर बोटं आवळली जातात म्हणजे रक्त पोचणार कुठून. घरी ग्लोव्ह घालून मूठ वळव, बोटाच्या टोकाला थोडी जागा राहिली पाहिजे आणि ताण यायला नको. आतला थर हवाच असेल तर पातळ लायनर, आणि बाहेरचा एक साईज मोठा. आणि मनगटाशी फट नको, जर्किनच्या बाहीतून वारा थेट काखेपर्यंत जातो.

आणि ज्या ग्लोव्ह्जमध्ये लिव्हर कळत नाही ते कितीही उबदार असले तरी घालू नको. ६० च्या स्पीडला सेकंदाला जवळपास १७ मीटर जातोस. अर्धा सेकंद बोटं चाचपडली की ८ मीटर गेले, तोपर्यंत ब्रेक लागलेलाच नाही.

कुडकुड

वरचं बरोबर आहे पण मला वाटतं मूळ दुखणं हातात नाहीच आहे, गळ्यात आणि छातीत आहे.

शरीराचा हिशोब असा की आतले अवयव आधी जपायचे. धड गार पडायला लागलं की हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना वाऱ्यावर सोडून दिलं जातं. मग त्यावर कितीही जाड काही घाला, ग्लोव्ह ऊब तयार करत नाही, आलेली राखतो फक्त, आणि येतच नसेल तर राखणार काय? तुमचा गळा उघडा, हेल्मेटखालून ६०-७० चा वारा सरळ छातीवर उतरतोय. विंडचिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते त्याचं, जे नेहमीचं सूत्र आहे त्याने ५ डिग्रीला ६० किमीच्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे २ सारखं लागतं, ८० ला उणे ३ च्या आसपास. यात एक गंमत बघा, ६० वरून ८० ला गेल्याने जेमतेम एक डिग्रीचा फरक पडला. म्हणजे हळू चालवून थंडी फारशी टळत नाही, वारा अडवावाच लागतो.

मफलर नको, बरोबर आहे तुमचं. नेक ट्यूब किंवा बालाक्लावा (डोकं, गळा झाकणारी माकडटोपीसारखी टोपी) घ्या, त्याला सुटायला टोकच नसतं. सुती बनियन काढा, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा तुम्हाला गार करत बसतो. आत अंगाबरोबर बसणारं थर्मल, मध्ये फ्लीस नाहीतर तुमचा स्वेटर चालेल, आणि सगळ्यात वर वारा न जाणारं काहीतरी. जर्किनमधून वारा जात असेल तर वरून रेनकोट चढवा. दिसायला ध्यान दिसतं पण पहाटे पाचला कोण बघतंय.

पहिली पाळी

म्हणजे हात गार पडतात म्हणून गळा झाकायचा? डोक्याला तेल लावलं की गुडघा बरा होतो असलं वाटतंय ऐकायला 😄 पण करून बघतो, नेक ट्यूब काही मोठी गोष्ट नाही. जर्किनमधून वारा जातो हे नक्की, चेन जिथे आहे तिथे छातीवर गार पट्टा पडतो.

जुना खोंड

आम्ही पेपर घालायचो छातीवर, जर्किनच्या आत, दोन तीन पानं. आजही घालतो. वारा अडतो, घाम आला तर टिपतो, पोचलं की फेकून द्यायचा. तुमचं थर्मल फ्लीस सगळं ठीक आहे पण उद्या सकाळी हवं असेल तर घरात रद्दी आहेच ना.

आणि एक सांगून ठेवतो, बधीर हात इंजिनवर किंवा सायलेन्सरवर शेकू नका. मी शेकले होते. कळत नाही हो, भाजल्याचं दहा मिनिटांनी कळतं. हात काखेत घालायचे, किंवा खांद्यापासून हात जोरात गोल फिरवायचे, रक्त बोटांच्या टोकापर्यंत फेकलं जातं. आणि वाटेत थांबून सिगरेट ओढायची सवय असेल तर तिने वाहिन्या अजून आकसतात, ऊब आल्यासारखी वाटते तेवढीच.

मल्टीमीटर

हीटेड ग्रिप्सची जोडी साधारण ३० ते ४० वॅट खाते. मोठ्या गाडीला काही नाही, पण १५० सीसीचं चार्जिंग मुळात बेताचं, त्यातून तुम्ही अंधारात जाता म्हणजे हेडलाईट पूर्ण वेळ चालू. त्यामुळे आधी मोजा. इंजिन चालू, हेडलाईट चालू, थोडी रेस देऊन बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ग्रिप्स लावल्यावर परत बघा, १३ च्या खाली जाऊन तिथेच बसत असेल तर बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होतेय, चार दिवसांनी सकाळी सेल्फ उचलणार नाही. लीड ॲसिड बॅटरीची ताकद शून्य डिग्रीच्या आसपास तशीही पाचवा हिस्सा तरी कमी झालेली असते. वायरिंग रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच), स्वतंत्र फ्यूज टाकून, आणि चावी बंद झाली की ग्रिप्स बंद होतील असंच करा. आणि ग्रिप तळवा तापवते, वारा लागतो बोटांच्या पाठीवर. हँडगार्ड नसेल तर अर्धाच उपयोग.

आता गाडी बंद पडण्याबद्दल, मला त्यातच जास्त रस आहे खरं तर. प्लग नाही, पेट्रोलही नाही. हे कार्बोरेटर आयसिंग आहे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात बर्फ धरणं, असं मी जवळपास खात्रीने सांगतो. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, त्यात चिंचोळ्या भागातून हवा जाताना तिचा दाब पडतो आणि ती अजून गार होते. बाहेर ५-६ डिग्री असलं तरी कार्बोरेटरच्या आत शून्याच्या खाली जातं आणि हवेतला ओलावा थ्रॉटलच्या (रेस दिली की उघडते ती झडप) आसपास बर्फ होऊन चिकटतो. हवेची वाट बंद. गाडी उभी केली की इंजिनची गरमी हळूहळू कार्बोरेटरपर्यंत पोचते, बर्फ वितळतो, गाडी चालू, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत पुरावा गायब! म्हणूनच धुक्यात होतं आणि दुपारी होत नाही. कोरड्या कडाक्याच्या थंडीत पण सहसा होत नाही, कारण बर्फ व्हायला हवेत पाणीच नसतं.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टॉर्च मारून कार्बोरेटर बाहेरून बघा.

चष्मेवाली

काच आणि चष्मा, हे माझं क्षेत्र 🙋‍♀️ काचेच्या आतून पिनलॉक (आत बसणारी दुसरी पातळ काच) लावा, तुमच्या हेल्मेटला त्याच्या खुंट्या आहेत का ते आधी बघा. दोन थरांच्या मध्ये बंद हवा राहते त्यामुळे आतला थर गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. नसेल बसत तर भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसायचा, तीन चार दिवस चालतं. खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे मात्र अजिबात मारू नका, पॉलिकार्बोनेटची वाट लागते.

चष्म्याचं मूळ म्हणजे आपला श्वास वर जातो. नाकावर बसणारा ब्रेथ गार्ड मिळतो तो लावला की श्वास खाली वळतो. आणि इथे एक गोम आहे, नेक ट्यूब नाकावर ओढली की सगळी वाफ सरळ चष्म्यावर, तेव्हा ती हनुवटीपर्यंतच. थांबायच्या आधी काच एक खाच वर, निघालं की खाली, हात आपोआप शिकतो.

जाता जाता, दादा, बोटं बधीर होताना टोकं पांढरीफटक पडतात का? आणि घरी आल्यावर निळसर मग लाल होतात का? तसं असेल तर रेनॉडचा प्रकार (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या फार आकसण्याचा त्रास) असू शकतो, डॉक्टरांना दाखवा, ग्लोव्ह्ज बदलत बसू नका.

चेनला तेल

टायरमधली हवा कोणी बोललंच नाही. दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय उतरतं, म्हणजे दुपारी भरलेली हवा पहाटे दोन तीनने कमीच असणार. गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना मोजायची. आणि पहिले काही किमी वळणावर आणि ब्रेकला जपून, गार रबर धरत नाही. पूल आणि सावलीतली वळणं तर विशेष, पुलाला खालून पण वारा लागतो त्यामुळे रस्त्याच्या आधी तो गोठतो.

जुना खोंड

आणि सकाळी चोक ओढून पंधरा मिनिटं जागेवर घर्रघर्र करत ठेवू नका, शेजारी शिव्या देतात ते वेगळंच. मिनिटभर चालू ठेवून हळू निघायचं, चोक जमेल तसा आत.

मल्टीमीटर

इथे थोडा असहमत. एअर कूल्डला ५ डिग्रीत मिनिट कमी पडतं, ऑइल २०डब्ल्यू-५० (थंडीत जास्त घट्ट होणारं) असेल तर फारच कमी. रेस न देता दोन तीन मिनिटं द्या. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू चालत असेल तर हिवाळ्यापुरतं ते टाका, तो डब्ल्यू म्हणजे विंटरच. पंधरा मिनिटं मात्र खरंच नको.

पहिली पाळी

आठ दिवसांनी येतोय. आधी डोक्याला तेल लावून गुडघा बरा झाला हे कबूल करतो 🙏 आतले लोकरीचे मोजे काढले, नेक ट्यूब, थर्मल, वरून रेनकोट, पहिल्या दिवशी पेपर पण घातला. बोटं आता २५ किमीपर्यंत माझी असतात. शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताची दोन टोकं जातात अजून, पण लिव्हर कळतो. पांढरीफटक पडत नाहीत, नुसती लाल होतात, तरी लक्ष ठेवतो ताई. लिक्विड सोप मस्त चाललं.

आणि मल्टीमीटर साहेब, तुम्हाला दंडवत. मंगळवारी धुक्यात बंद पडली, उतरून टॉर्च मारला तर कार्बोरेटरवर पांढरा थर, नखाने खरवडला! फोटो काढून मेकॅनिकला दाखवला, तो म्हणाला असं कधी बघितलं नाही. आता याला करायचं काय?

मल्टीमीटर

वा, फोटो जपून ठेवा. काही कार्बोरेटरना हीटर बसवता येतो, तुमच्याला सोय आहे का ते पार्ट्सवाल्याला विचारा. नाहीतर कार्बोरेटरवर थेट येणारा वारा अडेल असा छोटा पत्रा वाकवून लावा. फक्त कार्बोरेटरपुरता, सिलेंडरच्या फिन्स (इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्या) अजिबात झाकायच्या नाहीत आणि उन्हाळ्याआधी काढायचा. तोवर धुक्यात एकाच थ्रॉटलला फार वेळ राहू नका, आणि दम सोडतेय असं वाटलं की बंद पडायची वाट न बघता बाजूला घ्या.

पहिली पाळी

पत्रा रविवारी करतो. ग्रिप्स सध्या नको, मीटरवर १३.४ आले तेही रेस देऊन. त्याऐवजी हँडलवर बसतात ते कापडी मफ (हात आत घालायच्या पिशव्या) लावलेत कालपासून, हात एकदम गरम! फक्त मागून येणारा एकजण म्हणाला तुमचा ब्रेक लाईट सारखा चालू आहे. स्विच गेला असेल का?

चेनला तेल

स्विच नाही, मफ! वाऱ्याने तो मागे दाबला जातो आणि लिव्हरला टेकतो. नुसता लाईट नाही, ब्रेक पण घासत असेल. पुढची डिस्क गरम लागते का बघ, हात न लावता, पाण्याचा थेंब टाकून. आज काढ ते, लावायचेच असतील तर पुढून कडक हँडगार्ड आणि त्यावर मफ.

पहिली पाळी

थेंब टाकला, चर्र झालं. काढले. नशीब उद्यापासून आठवडाभर दुपारची पाळी आहे.